एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचा बर्नआउट : ओळखायचा कसा आणि ओझं उतरवायचं कसं

सांजवेळ (धागाकर्ती)

"आईचं कशातच मन लागत नाही." "बाबा दोन वाक्यं बोलतात आणि फोन ठेवून देतात." "तब्येत तशी बरी आहे, पण घर पार विस्कटलंय." लांब राहणाऱ्या मुलांचे, भाचे-पुतण्यांचे असे प्रश्न या विभागात वरचेवर येतात. त्यांना मिळणारी उत्तरंही ठरलेली असतात : एखाद्या मंडळात जायला सांगा, फिरायला सांगा, छंद लावा. आधीच मेटाकुटीला आलेल्या माणसाच्या डोक्यावर आपण आणखी तीन कामं ठेवतो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते. म्हणून हा वेगळा धागा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणाच्या यादीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून आहे. त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत : शक्ती संपून जाणं, कामावरून मन उडणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. निवृत्त माणसाच्या बाबतीत ही व्याख्या काटेकोरपणे बसत नाही, पण एकट्याने घर आणि स्वतःचं शरीर सांभाळणं ही रजा नसलेली नोकरीच आहे. गोळ्यांची आठवण, बिलं, गळका नळ, दवाखान्याची वेळ, बँकेचा ओटीपी, रात्री दाराची कडी, सगळं एकाच डोक्यात. दोघं असताना अर्धं काम दुसरं माणूस करायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे "पुरे आता, बस जरा" असं म्हणणारं कुणीतरी होतं.

फोनवर आणि घरी लक्ष ठेवण्यासारख्या खुणा :

फोनवर तक्रारी वाढत नाहीत, उलट कमी होतात. गोष्टी सांगणं थांबतं. "चाललंय" या एका शब्दावर भागवलं जातं. पूर्वी जो माणूस दुकानदाराशी घासाघीस करायचा, तो आता "जाऊ दे" म्हणतो. घरात न उघडलेली पाकिटं साचतात. गोळ्यांच्या पाकिटांत मधल्याच गोळ्या शिल्लक दिसतात. झोप पलंगाऐवजी सोफ्यावर होऊ लागते. आंघोळ एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी. जेवण म्हणजे उभ्याउभ्या पोटात ढकललेले दोन घास. आणि चिडचिड, विशेषतः निर्णय घ्यायचा असेल तेव्हा. "काय आणू?" एवढं विचारलं तरी माणूस वैतागतो.

यातली एखादी खूण सगळ्यांच्याच घरी सापडेल. त्या माणसाच्या सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी ताडून पाहा. शेजारच्या टुणटुणीत आजोबांशी तुलना करण्यात अर्थ नाही.

---

औषधपेटी

धागा हवाच होता. पण एक गोष्ट आधी : बर्नआउट असेल असं वाटलं तरी पहिला थांबा डॉक्टरांकडे. उतारवयात थकवा हे फार फसवं लक्षण आहे, आणि "वय झालं" म्हणून तो अंगावर काढला जातो.

साधारण या तपासण्यांबद्दल डॉक्टरांशी बोला : हिमोग्लोबिनसकट सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी१२ जीवनसत्त्व, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), साखर, यकृताच्या चाचण्या. हिमोग्लोबिन पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने तो अ‍ॅनिमिया. तो का झाला हे शोधायला हवं, नुसत्या लोहाच्या गोळ्या सुरू करून भागत नाही. टीएसएच मात्र वयानुसार थोडं वाढलेलं असू शकतं. दरवेळी गोळी लागतेच असं नाही, ते डॉक्टरांना ठरवू दे.

आता औषधं. सगळी पाकिटं, बाटल्या, मलमं, दुकानातून स्वतःहून आणलेल्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता. नुसती यादी नेऊ नका, यादीत नेमक्या त्याच गोळ्या राहून जातात. थकव्याच्या दृष्टीने पाहायची नावं :

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी घेतलेले बीटा ब्लॉकर. नाडी फार मंद झाली तर पायऱ्या चढताना जीव निघतो.

हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन यांसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. सोडियम उतरतं. सोबत नैराश्यावरची एसएसआरआय गटातली गोळी असेल तर धोका आणखी वाढतो. सोडियम १३५ च्या खाली गेलं की सुस्ती, तोल जाणं, गोंधळ. घरच्यांना वाटतं म्हातारपण आलं.

वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, किंवा पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या. दोन्हींमुळे बी१२ कमी पडू शकतं.

सर्दीसाठी किंवा झोपेसाठी स्वतःहून घेतलेल्या क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिनसारख्या जुन्या अँटिहिस्टामिन गोळ्या, आणि डायझेपामच्या गटातल्या झोपेच्या गोळ्या. वय वाढलं की यांचा अंमल दुसऱ्या दिवशीही उतरत नाही.

यातलं काहीही एकदम बंद करू नका. बीटा ब्लॉकर अचानक थांबवला तर हृदयावर उलटतो, आणि झोपेच्या गोळ्या एकाएकी सोडल्या तर आकडीचे झटके येऊ शकतात. मात्रा हळूहळू कमी करायची असते आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी : ५ मिनिटं आडवं पडून रक्तदाब घ्या, मग उभं राहून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. "उठलं की काही करावंसंच वाटत नाही" यामागे कधीकधी एवढंच असतं. सोबत दुसरं माणूस असल्याशिवाय करू नका, चक्कर येऊ शकते.

---

तळटीप

सांजवेळ, नैराश्य आणि हे यात फरक कसा करायचा? वर दिलेली निम्मी लक्षणं दोन्हीकडे चालतील. विस्मरणाची सुरुवात असेल तरी पाकिटं साचतातच.

---

मोकळं_आकाश

तळटीप, योग्य प्रश्न. यांच्या सीमा एकमेकांत मिसळलेल्या असतात, पण काही धागेदोरे हाती लागतात.

ओझं हलकं केल्यावर काय होतं ते बघा. दोन आठवडे बिलं, बाजारहाट, दवाखान्याची धावपळ दुसऱ्याने उचलली आणि माणूस थोडा उमलला, पुन्हा पेपर उघडू लागला, तर तो शीण ओझ्याचा होता. सगळं उचलूनही आवडीच्या गोष्टीत जीव रमत नसेल, नातवंडाचा फोन आला तरी चेहरा हलत नसेल, "माझा कुणाला उपयोग नाही" असं येत असेल, तर नैराश्याचा विचार करायचा. आणि हे रोजचं असेल तर दोन आठवड्यांपलीकडे वाट पाहायची नाही.

ज्येष्ठांसाठी खास बनवलेली जीडीएस-१५ ही प्रश्नावली आहे. १५ प्रश्न, हो-नाही उत्तरं. झोप, भूक, अंगदुखी यांबद्दलचे प्रश्न त्यात मुद्दाम नाहीत, कारण त्या वयात ती लक्षणं इतर आजारांनीही येतात. गुण ५ च्या वर गेले तर नीट तपासणी करून घ्यायची. ही चाळणी आहे, निदान नाही. विस्मरण बरंच पुढे गेलेलं असेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नये.

विस्मरणात बहुधा माणूस अडचण झाकतो किंवा ती त्याच्या लक्षातच येत नाही. दमलेला माणूस उलट, "हल्ली माझ्या डोक्यात काही राहत नाही" हे स्वतःहून सांगतो. हा नियम नाही, पण दिशा कळते.

तिसरी शक्यता घाईची आहे. बदल तासा-दोन तासांत किंवा दोन-तीन दिवसांत झाला, सकाळी ठीक आणि संध्याकाळी भलतंच, लक्ष टिकत नाही, माणूस ग्लानीत पडून आहे, तर ते डेलिरियम, म्हणजे शारीरिक कारणाने अचानक आलेला बुद्धीचा गोंधळ, असू शकतं. गडबड-आरडाओरडा हवाच असं नाही. गुपचूप पडून राहणारा प्रकार ज्येष्ठांत बराच दिसतो आणि हमखास निसटतो. जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं, नवीन औषध ही त्याची नेहमीची कारणं. त्याच दिवशी डॉक्टर.

आणि जगणं नकोसं झाल्याची भाषा आली तर सरळ विचारा : "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरत नाही. उत्तर हो आलं तर त्या माणसाला एकटं ठेवू नका, साठवलेल्या गोळ्या घरातून हलवा, आणि तुमच्या भागातली हेल्पलाइन किंवा रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा.

---

अबोली

आता मूळ मुद्दा, ओझं. माझं ठाम मत आहे की आधी वजाबाकी करायची, बेरीज नंतर. पण वजा काय करायचं हे अंदाजाने ठरवलं तर हमखास चुकतं, म्हणून पद्धत लिहिते.

एक वही, सात दिवस, तीन रकाने : काम, वेळ, दमणूक (० ते १०). लिहायलाही त्राण नसेल तर रात्री फोनवर सांगायचं आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचं. न दिसणारी कामं यात आवर्जून घ्या : आठवण ठेवणं, ठरवणं, वाट पाहणं, धास्ती. गॅस सिलिंडर पोचवणारा "दहा ते पाच कधीही येईन" म्हणाला की तो अख्खा दिवस जातो. आंघोळसुद्धा पुढे ढकलली जाते, कारण मध्येच बेल वाजेल. वेळेच्या रकान्यात याला ५ मिनिटं लागतात आणि दमणुकीच्या रकान्यात ८ येतात. असे विजोड आकडे शोधायचे, खरा शीण तिथे असतो.

मग प्रत्येक कामापुढे एक खूण : बंद, विरळ, दुसऱ्याकडे, माझ्याकडेच. खूण त्या माणसाने स्वतः करायची. आपण फक्त विचारायचं.

कुठे काय हलतं ते अनुभवाने सांगता येतं :

कागदपत्रं. वीज, फोन, विमा वगैरे ठरावीक बिलं आपोआप भरली जातील अशी सोय करा. उरलेल्या टपालासाठी एकच ट्रे आणि आठवड्यातला एकच दिवस, सकाळचा. संध्याकाळी पैशांचे निर्णय नकोत. खात्यावर विश्वासातल्या माणसाला अधिकार द्यायचा असेल तर तो बँकेत रीतसर नोंदवूनच. पासवर्ड-पिन वाटत बसू नये.

गोळ्या. दिवसातून पाच वेळा गोळ्या म्हणजे पाच वेळा घड्याळाकडे नजर. डॉक्टरांना विचारून त्या दोन किंवा तीन वेळांवर आणता येतात का बघा. सगळ्या गोळ्या महिन्याच्या एकाच तारखेला संपतील असं एकदा जुळवून घ्या. आठवड्याचा खणांचा डबा ठरलेल्या दिवशी भरायचा, शक्यतो कुणी सोबत असताना.

दवाखाने. एका दिवशी एकच. वेळ सकाळच्या मधल्या प्रहराची मागा. दुसरा दिवस रिकामा ठेवा.

फोन. अनोळखी नंबर मूक करणारी सोय चालू करा, अ‍ॅपच्या सूचना बंद करा. फसवणुकीच्या भीतीने प्रत्येक रिंगला छातीत धस्स होणं हाही शीणच आहे. "पैशाबद्दल फोनवर काहीही ठरवायचं नाही, आधी अमक्याला विचारायचं" हा एकच नियम मोठ्या अक्षरात फोनजवळ लावा.

निर्णय. सकाळी काय खायचं, कोणते कपडे, कधी आंघोळ, हे ठरून गेलेलं असलं की डोकं मोकळं राहतं. आठवडाभराचे सात नाश्ते लिहून टाकले तर सात प्रश्न कमी झाले.

एकाच आठवड्यात सगळं बदलू नका. आधी सर्वात विजोड आकड्याची दोन कामं हलवा, दोन आठवडे थांबा, मग पुढची.

---

गवाक्ष

अबोली, पद्धत पटली, पण एक शंका. सगळी कामं काढून घेतली तर माणूस आणखी लवकर खचतो. हातपाय हलायचे थांबतात, आणि "मी कशाला उरलो" हे सुरू होतं.

---

अबोली

गवाक्ष, अगदी मान्य. म्हणून तर "माझ्याकडेच" ही चौथी खूण आहे. झाडांना पाणी घालणं दमवतं, पण ते झाल्यावर बरं वाटतं, तर ते काढून घ्यायचं नाही. उंच कुंड्या खाली आणा, मोठ्या झारीऐवजी लहान झारी द्या, रोज निम्म्या कुंड्या. वहीत चौथा रकाना घालता आला तर उत्तम : "झाल्यावर बरं वाटलं का?" दमवतं आणि बरंही वाटत नाही, तेच आधी जायला हवं.

---

पायवाट

शरीराच्या बाजूने थोडं.

दमलेले ज्येष्ठ बहुधा एका चक्रात अडकलेले असतात : बरं वाटलं त्या दिवशी आठवड्याचं काम उरकायचं, मग तीन दिवस अंग टाकून द्यायचं. दर चक्रात स्नायू थोडे झिजतात. यातून सुटायला चांगल्या दिवशी कमी करणं शिकावं लागतं आणि ते फार जड जातं. सोपा मार्ग म्हणजे घड्याळ लावणं : १५ मिनिटं काम, ५ ते १० मिनिटं बसणं. दमल्यावर थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं.

आंघोळीचं उदाहरण घेऊ, कारण तीच सगळ्यात आधी टाळली जाते. आंघोळ म्हणजे उभं राहणं, वाकणं, हात डोक्यावर नेणं, गरम पाण्याने रक्तदाब उतरणं, मग ओल्या फरशीवर तोल सांभाळत पुसणं. एवढी कामं सलग. ती तोडायची. कपडे-टॉवेल आधीच हाताशी. आत न घसरणारं स्टूल आणि भिंतीला पक्का बसवलेला दांडा (टॉवेलचा दांडा आधाराला चालत नाही, उपटून येतो). पाणी कोमट. डोक्यावरून पाणी दुसऱ्या दिवशी. झाल्यावर टॉवेलच्या कापडाचा झगा अंगात घालून १० मिनिटं बसायचं, पुसायचे कष्ट वाचतात. मग बसूनच कपडे.

स्वयंपाकघरात रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत. ओट्याशी बसता येईल असं पाठीचं उंच स्टूल.

ताकद किती आहे हे बघायला : भिंतीला टेकलेली खुर्ची, हात छातीवर दुमडलेले, पाच वेळा उठणं-बसणं. १५ सेकंदांहून जास्त लागले किंवा हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही, तर पायांची ताकद कमी आहे. दुसरी खूण चालीची. ४ मीटर नेहमीच्या वेगाने चालायला ५ सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंदावली आहे. अशा वेळी फिजिओथेरपिस्टला दाखवा, "रोज हजार पावलं" वगैरे बेत लगेच नको. सुरुवात खुर्चीतून उठण्याच्या व्यायामानेच होते : हात टेकून ५ वेळा, दिवसातून दोनदा, श्वास न रोखता. जमू लागलं की ८, मग हाताचा आधार कमी. जागतिक आरोग्य संघटनेची ६५ च्या वरच्यांसाठी शिफारस आठवड्याला १५० मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान ३ दिवस तोल-ताकदीचे व्यायाम अशी आहे, पण ते पोचायचं ठिकाण आहे. पहिल्या महिन्यात आकड्यांचा धाक नको.

खाण्याचं : निरोगी ज्येष्ठांसाठी रोज वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं असा तज्ज्ञांचा सल्ला आहे, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला ५५ ते ६६ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा वापरू नका, डॉक्टरांना विचारा. वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. न ठरवता ६ ते १२ महिन्यांत ५ टक्के उतरलं (६० किलोत ३ किलो) तर तपासणी हवीच.

---

तळटीप

झोपेबद्दल कुणी लिहील का? दुपारी दोन-दोन तास झोप आणि रात्री टक्क जागं, हे फार ऐकू येतं.

---

औषधपेटी

थोडक्यात लिहितो. दुपारची डुलकी २० ते ३० मिनिटं, ३ च्या आत, गजर लावून. उठल्यावर तासाभरात बाहेरचा उजेड, निदान खिडकीजवळ बसून. उठायची वेळ पक्की ठेवा, झोपायची आपोआप मागे येते. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी असेल तर ती सकाळी घेता येईल का ते विचारा. रात्री तीन-चारदा उठणं तिथेच कमी होतं. पाणी दिवसा जास्त, झोपण्याआधी दोन तास कमी. पण पाणी एकूणच कमी करू नका, उतारवयात तहान उशिरा कळते. मोठं घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी.

आणि कान! ऐकू कमी येणाऱ्याला तासभराची बैठक पिळून काढते, कारण प्रत्येक वाक्य जुळवावं लागतं. "कुणात मिसळत नाही" म्हणण्याआधी कानातला मळ आणि ऐकण्याची तपासणी करून घ्या.

---

दूरस्थ

सगळं पटतंय, पण समोरचं माणूस मानायलाच तयार नसतं. "मला काही झालेलं नाही, तुम्ही तुमचं बघा." तिथे गाडी अडते.

---

मोकळं_आकाश

दूरस्थ, "तू दमलीयेस" असं म्हटलं की उत्तर "नाही"च येणार, कारण त्यापुढे "मग आता एकटी राहू नकोस" हे वाक्य येणार याची भीती असते. ती भीती आधी काढावी लागते. "तुला याच घरात राहता यावं म्हणूनच विचारतोय" हे स्पष्ट शब्दांत सांगा, आणि खरंच तसं वाटत असेल तरच सांगा.

"कशी आहेस?" ऐवजी "आज सकाळपासून काय काय झालं?" विचारा. "मदत हवी का?" ऐवजी नेमकं काम : "बुधवारी फोनचं बिल मी भरू, की आपण दोघं मिळून भरू?" दोन्ही पर्यायांत निर्णय त्यांच्याच हाती राहतो. पहिली मदत अशी निवडा की ती नकोशी झाली तर सहज बंद करता येईल. "महिनाभर करून बघू, नको वाटलं तर बंद" हे पचतं. आणि महिन्याने खरंच विचारा.

उलटी मागणीही करा. जुना पत्ता, एखाद्या झाडाची माहिती, घरातल्या जमाखर्चाचा सल्ला. देणारा हात शिल्लक राहिला की घेणं जड जात नाही.

भेटणाऱ्यांच्या बाबतीत एक माणूस, ठरलेला दिवस, अर्धा तास, हे सणासुदीच्या गर्दीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

---

सांजवेळ

एक गट राहिला होता, तो नोंदवते : जोडीदाराची वर्षानुवर्षं शुश्रूषा करून नंतर एकटे पडलेले. त्यांचा शीण शुश्रूषेच्या काळातला, दुःख आत्ताचं, आणि वर वारसनोंदी, खाती, दाखले यांचं काम. घरचे म्हणतात "आता तरी आराम कर", पण झोपेची लय मोडलेली असते आणि रात्री दर दोन तासांनी जाग येतच राहते. या काळात घर विकणं, सामान वाटून टाकणं असले मोठे निर्णय टाळता येत असतील तर पुढे ढकला. कागदपत्रांची कामं एका नातेवाइकाने यादी करून उचलावीत, पाच जणांनी पाच वेळा तेच विचारू नये.

आणि वाट न पाहण्याच्या गोष्टी : अचानक आलेला प्रचंड थकवा, सोबत धाप, घाम किंवा मळमळ (ज्येष्ठांत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो), आडवं पडल्यावर धाप, पायांवर सूज आणि ३ दिवसांत २ किलोहून जास्त वाढलेलं वजन, काळी शौच, एका बाजूची ताकद जाणं किंवा बोलणं अडखळणं. यात वही-रकाने काही नाही, थेट रुग्णालय.

---

दूरस्थ

शेवटचं विचारतो. भेटायला जाऊन फक्त दोन दिवस मिळणार असतील तर काय करावं?

---

अबोली

पहिल्या दिवशी काहीही आवरू नका. सोबत बसा, त्यांच्या वेळेने जेवा-झोपा आणि बघत राहा : कुठे हात टेकतात, कोणतं काम अर्ध्यावर सुटतं, कुठल्या खोलीत जाणंच बंद झालंय. संध्याकाळी विचारा, "यातलं कुठलं काम उद्यापासून नसलं तर बरं वाटेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्यांची पिशवी आणि डॉक्टर, ती वेळ जाण्याआधीच घेऊन ठेवा. दुपारी त्यांना झोपू द्या. मग त्यांनी सांगितलेलं ते एकच काम कायमचं मार्गी लावा. वेळ उरला तर पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रीचा दिवा लावा आणि वाटेतली सुटी पायपुसणी उचला. कपाटं आवरायला घेऊ नका. तुम्ही गेल्यावर त्यांना वस्तू सापडत नाहीत आणि आठवडा शोधण्यात जातो.

निघताना पुढच्या फोनचा वार आणि वेळ ठरवा, आणि त्या वेळी फोन उचलला नाही तर कुणाला घरी पाठवायचं, त्याच्याकडे किल्ली आहे का, हेही त्यांच्यासमोरच ठरवा.